मदत हवी आहे: आप्पांच्या डोळ्याला थेंब लागू पडेनात

वैरण_पलूस: आप्पांचा डोळा आलाय. मेडिकलमधनं अँटिबायोटिकचे थेंब आणले, दिवसातून चार वेळा टाकतोय. दोन दिवस बरं वाटलं, आता पुन्हा लालभडक. यापेक्षा स्ट्राँग थेंब कुठले? लवकर सांगा, उसाला तोड आलीय, घरात बसून भागायचं नाही.

कंदी_पेढा: थेंबाचं नाव लिहा की राव. एक डोळा का दोन्ही? वय? शुगर?

वैरण_पलूस: मॉक्सिफ्लॉक्सासिन. उजवा एकच. वय ६१, शुगर नाही. आता सांगा.

चष्मिष्ट: डोळे येणं म्हणजे व्हायरल. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीची साथ विसरलात? व्हायरसला अँटिबायोटिक काय करणार? आठ दिवस गप बसा, आपोआप जातं.

फार्मसीकाकू: @चष्मिष्ट, साथीत बहुतेक पाणी गळतं आणि दुसरा डोळाही मागोमाग येतो. घट्ट पिवळी चिपडं, सकाळी पापण्या चिकटलेल्या, असं असेल तर बॅक्टेरिया. तिथे मॉक्सी चालतं. पण टाकता कसे ते सांगा. खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा. डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, दुसरा गालावरच जातो. बाटलीचं तोंड पापणीला टेकवू नका.

चष्मिष्ट: कधी कधी व्हायरलही एकाच डोळ्यात राहतो. पुस्तकी ज्ञान नको.

आजीचा_बटवा: बाळंतिणीचं दूध घाला. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच.

फार्मसीकाकू: आणि जंतूंना आयतं जेवण. कृपया नको.

निवृत्त_मास्तर: माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घडीची लेन्स बसवली, टाका नाही. आता चष्म्याशिवाय पेपर वाचतो. शिबिरात करून घ्यावे, खर्च येत नाही.

कंदी_पेढा: मास्तर, मोतीबिंदूचं कुणी विचारलंय का? @वैरण, डोळा खुपतोय का ठणकतोय? उजेड सहन होतो? बुबुळावर पांढरं काही? आधी डोळ्याला काही लागलं होतं? बाटलीवर पूर्ण काय छापलंय, अक्षर न् अक्षर लिहा.

वैरण_पलूस: किती प्रश्न! ठणकतोय. उन्हात डोळा उघडतच नाहीत. जनावरांना वाडं आणताना उसाची पात लागली होती, पण ते रोजचंच. बाटलीवर 'मॉक्सिफ्लॉक्सासिन अँड डेक्सामेथासोन'. बुबुळाच्या कडेला पांढरट ठिपका आहे, चिपड असेल.

कंदी_पेढा: चिपड पुसलं की निघतं. हा ठिपका निघत नसेल तर बुबुळावरच जखम आहे. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. त्यानं लाली दबते, म्हणून दोन दिवस बरं वाटलं असणार. पातीच्या जखमेत बुरशी शिरू शकते. तिला मॉक्सी लागू पडत नाही, आणि स्टेरॉइडनं ती फोफावते. थेंब थांबवा, चोळू नका, पट्टी बांधू नका. बाटली खिशात घालून आजच मिरज सिव्हिलला न्या. बुबुळ खरवडून नमुना बघितल्याशिवाय बुरशी का बॅक्टेरिया हे इथे कुणी सांगू शकणार नाही. मीही नाही.

चष्मिष्ट: उगाच घाबरवताय. हेच थेंब आमच्या फ्रिजमध्ये कायम असतात, घरात सगळे वापरतात.

फार्मसीकाकू: सगळ्यांना एकच बाटली? धन्य! हे थेंब चिठ्ठीशिवाय द्यायचेच नसतात. स्टेरॉइड जास्त दिवस चाललं तर डोळ्यातला दाब वाढतो, आणि ते कळतही नाही.

आजीचा_बटवा: नुसतं मॉक्सी मिळतं का मग?

फार्मसीकाकू: मिळतं. पण तेही चिठ्ठीवरच.

वैरण_पलूस: मिरजेला दाखवलं. खरवडून बघितलं, बुरशीच निघाली. नॅटामायसिन दिलंय, दर तासाला, रात्रीसुद्धा. ठिपका बारीक आहे, पण बरं व्हायला काही आठवडे जातील म्हणाले. रात्री कुणी उठायचं यावरनं घरात भांडणं. ऊस शेजारच्या काकांनी बघायचं कबूल केलंय. आता एक सांगा, या बाटलीच्या तळाला पांढरं बसलंय. खराब निघाली काय?

फार्मसीकाकू: नाही, ते सस्पेन्शन असतं, म्हणजे औषधाची बारीक पूड पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते. दर वेळी हलवून मगच टाका.

निवृत्त_मास्तर: याच फेरीत मोतीबिंदूही तपासून घ्यावा.

आजीचा_बटवा: @वैरण, ती जुनी बाटली उरली असेल तर फेकू नका हं. नातीचा डोळा आलाय.

कंदी_पेढा: काकूऽऽ!