चिनी मित्रमैत्रिणींकडे जाताना भेट काय नेलीत?

पुढच्या महिन्यात शांघायला जातेय. जुन्या रूममेटच्या घरी दोन दिवस मुक्काम आहे, तिचे आई-वडीलही तिथेच राहतात. कुणी काय नेलंत, त्यांना आवडलं का, सविस्तर लिहा.

*

मी वारली चित्रांचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन ठेवलं होतं. ऑफिसातल्या चिनी सहकारिणीने वेळीच अडवलं. घड्याळ भेट देणं म्हणजे ‘सुंग चुंग’, आणि मरणाऱ्याजवळ शेवटपर्यंत थांबणं यालाही उच्चार हाच! त्या घरात ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. अजून काटा येतो अंगावर. छत्रीही नको, तो शब्द ‘पांगणे’च्या जवळ जातो.

*

आम्ही सोलापूरचे. नवऱ्याचा मित्र हपेई प्रांतातल्या शिजियाच्वांगचा. सासूबाई म्हणाल्या, टॉवेल न्या, आपल्या गावचे आहेत. पण तिकडे टॉवेल अंत्यविधीला आलेल्यांना देण्याची रीत आहे, असं मित्रानेच सांगितलं. मग मोराच्या नक्षीची लाल चादर नेली.

त्याच्या आजोबांना ‘सोलापूर’ काही कळेना. डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं गाव, असं मित्राने सांगितलं मात्र, आजोबा उठून उभेच राहिले. ‘ख तिह्वा!’ हे कोटणिसांचं चिनी नाव. जपानशी चाललेल्या युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. १९४२ मध्ये तिकडेच वारले, समाधी याच शहरात आहे. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः आम्हाला तिथे घेऊन गेले. फुलं त्यांनीच घेतली. चादरीची घडी आजी पुन्हा पुन्हा हाताने सारखी करत होत्या, ते मी विसरणार नाही.

*

पेढे-बर्फी आणि हापूस घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं सामानातून न्यायला तिकडे बंदी आहे. मी दार्जिलिंग चहाचे दोन डबे नेले. चार नेऊ नका, चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे.

*

दोन्ही हातांनी द्या. दोन-तीनदा ‘नको’ म्हणतील, तरी आग्रह करा. आपल्याकडे करतो तसाच. तुमच्यासमोर उघडणारही नाहीत बहुतेक. मला वाटलं, शाल आवडली नाही. आठवड्याने मैत्रिणीच्या आईचा फोटो आला, तीच शाल पांघरलेला.

*

सर्वांचे खूप आभार. मी पैठणी काठाचा स्टोल पांढऱ्या कागदात बांधून ठेवला होता. पांढरा तिकडे शोकाचा रंग, म्हणून आत्ताच सोडवला, लाल कागद आणलाय. आणि मामाला सोलापूरला फोन केलाय, चादरीसाठी.