बोगद्याचे अस्तर जाड केले की भूकंपात तो वाचतो का?

दांडियाबाजारकर:
मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे स्थानक आपल्या बडोद्यात होत असल्याने घरात पुन्हा तोच विषय निघाला, की ठाणे खाडीखालच्या 7 किलोमीटरसह एकूण 21 किलोमीटरच्या बोगद्यात गाडी असताना धरणी हलली तर काय? 26 जानेवारी 2001 ची, भुजच्या भूकंपाची सकाळ आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. मार्गावर भूकंपमापक बसणार आहेत, पण ते गाडी थांबवतील, बोगदा सावरणार नाहीत. माझे मत असे, की खर्चाचा विचार न करता काँक्रीटचे अस्तर शक्य तितके जाड करावे.

रावपुरेकर:
आपली काळजी रास्त आहे, उपाय मात्र उलटा आहे. इमारत जमिनीवर उभी राहून स्वतःच्या वजनाने डोलते. बोगदा चहूबाजूंनी जमिनीत रुतलेला असल्याने जमीन जशी वाकते तसाच त्याला वाकावे लागते, आणि त्याचे गोल कडे (वर्तुळाकार वलय) क्षणभर लंबगोल होते. मऊ मातीत अस्तर जितके ताठ, तितका तो वाक सोसताना त्यात जास्त ताण निर्माण होतो. यंत्राने खणलेल्या बोगद्यात सुट्या सेगमेंटांची, म्हणजे काँक्रीटच्या तयार तुकड्यांची, कडी बसवतात. त्यांचे सांधे किंचित फिरतात आणि हा वाक पचवतात. जाडी वाढवून आपण नेमकी हीच लवचीकता घालवणार.

दांडियाबाजारकर:
मग कोबेचे काय? 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात तिथले दायकाई हे भुयारी स्थानक कोसळले आणि वरचा रस्ता सुमारे अडीच मीटर खचला. जमिनीखालचे सुरक्षित असते, ही समजूत तिथेच मोडली.

रावपुरेकर:
दायकाई ही उघडा खड्डा खणून बांधलेली आणि वरून माती भरलेली चौकट होती, गोल बोगदा नव्हे. माती आडवी सरकल्यावर चौकट तिरपी झाली आणि मधले स्तंभ फुटले, कारण त्यांत कातरबळ (आडवे कापू पाहणारे बळ) पेलणाऱ्या आडव्या सळया फार कमी होत्या. छतावरची माती मग खाली आली. तिथे उणीव होती ती तन्यतेची, म्हणजे न तुटता वाकण्याच्या क्षमतेची.

मांडवीकर:
दोघेही बोगद्याच्या मधल्या लांबीवर भांडत आहात. तैवानच्या 1999 च्या चि-चि भूकंपानंतर तपासलेल्या 57 बोगद्यांपैकी 49 मध्ये नुकसान आढळले. बरेचसे किरकोळ होते, पण ते बोगद्याच्या तोंडाशी, उतारालगत आणि भ्रंशाजवळ (ज्या भेगेवर खडक सरकतात तिच्याजवळ) अधिक होते. आमच्या जुन्या वाड्याला नंतर जोडलेल्या खोलीची भिंत 2001 मध्ये जोडावरच चिरली. वाडा आणि खोली दोन्ही धडधाकट राहिले. खडक संपून गाळ सुरू होतो तिथे, किंवा बोगदा स्थानकाला मिळतो तिथे, नेमके हेच घडते. अस्तरामागे पोकळी राहिली असेल तर जाडीही कामी येत नाही, म्हणून मागचे ग्राउटिंग, म्हणजे पोकळीत भरलेले सिमेंटचे मिश्रण, नीट तपासले पाहिजे. आणि भ्रंशच सरकला तर? जपानच्या ताना बोगद्याचे काम चालू असताना, 1930 मध्ये, भ्रंश 2 मीटरहून अधिक सरकला. असे सरकणे कोणतेही अस्तर अडवू शकत नाही. तिथे बोगदाच मोठ्या व्यासाचा ठेवून सरकण्यास जागा द्यावी लागते.

दांडियाबाजारकर:
जोडाचे मान्य करतो, आणि मधल्या लांबीवरचा जाडीचा आग्रह सोडतो. पण जोड लवचीक करायचा म्हणजे रबर आणि सरकते सांधे आले. काँक्रीट वर्षानुवर्षे टिकते, रबर म्हातारे होते, आणि तेही खाडीच्या खारट पाण्याखाली.

रावपुरेकर:
सॅन फ्रान्सिस्को उपसागराखालच्या रेल्वे नळीच्या दोन्ही टोकांना असे सरकते सांधे आहेत. 1989 च्या लोमा प्रिएता भूकंपात वरच्या पुलाचा एक तुकडा कोसळला, पण नळीतील गाड्या तपासणीनंतर काही तासांत पुन्हा धावू लागल्या.

दांडियाबाजारकर:
ती नळी तेव्हा पंधरा वर्षांची होती. माझा प्रश्न चाळिसाव्या वर्षीच्या रबराविषयी आहे.

मांडवीकर:
त्यासाठी तो सांधा आतून पाहता येईल आणि बदलता येईल, अशी जागा आराखड्यातच असावी लागते. अस्तर ओतून झाल्यावर अशी जागा नव्याने करता येत नाही.