डावा हात रात्री बधिर होतो, दुखतो… नक्की कोणाला दाखवू?

झोपमोड_झालेली:
वय ४७. तीन आठवडे झाले डावा हात दुखतोय. रात्री दोन-अडीचला जाग येते ती हात बधिर झाल्यामुळेच, मुंग्या आणि ठणका, मग उठून हात झटकत बसते तेव्हा कुठे ५-१० मिनिटांनी बरं वाटतं. दिवसभर कॉम्प्युटरवर काम, शिवाय घरचं आहेच. नवरा म्हणतो उशी बदल, आई म्हणते डावा हात आहे, हार्टचं बघून घे, बहीण म्हणते या वयात होतंच हे. आता डावा हात म्हणजे हार्ट हे डोक्यातून जात नाहीये आणि नुसत्या मुंग्यांसाठी हार्टच्या डॉक्टरकडे गेले तर हसतील असंही वाटतं. कोणाला असं झालंय का?

मनगटपुराण:
ताई आधी हे सांगा की मुंग्या कुठल्या बोटांना येतात? मला सातव्या महिन्यात हुबेहूब असंच झालं होतं, कार्पल टनेल निघालं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून मिडियन नर्व्ह जाते, तिथे सूज आली की ती दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यांनाच मुंग्या, करंगळी मात्र ठणठणीत. झोपेत आपण मनगट दुमडून झोपतो म्हणून रात्री जास्त, आणि हात झटकला की बरं वाटतं ही तर याची खूणच. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं हे, प्रेग्नन्सीत, थायरॉईड कमी असेल तर, शुगर असेल तर. मला रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट दिला होता आणि डिलिव्हरीनंतर ते गेलं. पण तुम्ही शुगर आणि थायरॉईड करून घ्याच.

दंडबैठक:
मी फिजिओ आहे. वरच्या ताईंचं बरोबर आहे, बोटं मोजणं खरंच कामाचं असतं. करंगळीकडे मुंग्या असतील तर नस बहुतेक कोपराशी दबलेली असते, मानेतून खाली कळ उतरत असेल आणि हात डोक्यावर ठेवला की आराम पडत असेल तर मानेच्या नसेचा संशय. अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखणं हे तान्हं बाळ सतत उचलणाऱ्या आयांमध्ये नेहमीचं. बोटांतून वस्तू निसटायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसल्यासारखा दिसायला लागला तर मात्र स्प्लिंटवर वेळ काढू नका, नस कायमची खराब होऊ शकते.
एक विचारायचं राहिलं, रात्र सोडून इतर कधी दुखतो का हात? चालताना, जिना चढताना?

हुक_लागेना:
मला तर खांदाच वर जाईना, ब्राचा हुक मागे लावता येत नव्हता आणि मी सहा महिने बाम चोळत बसले 🤦‍♀️ फ्रोझन शोल्डर निघाला, सोबत शुगरही निघाली जी मला माहीतच नव्हती. ४० ते ६० वयात बायकांना जास्त होतो म्हणे. दीड वर्ष गेलं सुटायला. जरा विषयांतर झालं, पण अंगावर काढू नका एवढंच.

झोपमोड_झालेली:
बोटं मोजली, अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. करंगळीला काही नाही!! म्हणजे कार्पल टनेलच असणार, जीव भांड्यात पडला.
जिन्याचं विचारलंत म्हणून सांगते, गेले ८-१० दिवस तीन मजले चढले की डावा दंड जड पडतो, कोणी आवळल्यासारखा, जबड्यापर्यंत जातं कधीकधी. पण थांबले की दोन मिनिटांत जातं, म्हणून लक्ष दिलं नाही. तेही नसेचंच असेल ना?

दंडबैठक:
नाही. कृपया हे वेगळं धरा. मनगटातली नस जिना चढल्याने दुखत नाही आणि जबड्यात तर जातच नाही. श्रम केले की येतं, थांबलं की जातं, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, हे हृदयाला रक्त कमी पडण्याचं लक्षण असू शकतं, छातीत काहीही दुखत नसलं तरी. नव्याने सुरू झालंय म्हणून जास्त काळजी. आजच जा, जिथे ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट (हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते कळतं) होते अशा ठिकाणी. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आणि बसल्या जागी दुखायला लागलं, सोबत घाम, मळमळ किंवा धाप असेल तर पाच मिनिटंही वाट न बघता अँब्युलन्स.

सायलीची_आई:
ताई प्लीज ऐका. माझ्या आईला दोन्ही दंड, पाठ आणि मळमळ, छातीत कळ नाहीच. आम्ही पित्त पित्त करत दोन दिवस घालवले, अ‍ॅटॅक होता. वाचली, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. डावाच हात दुखेल असंही काही नसतं हो, उजवाही दुखतो. बायकांना छातीत दुखतच नाही असं नाही, बहुतेकींना दुखतं, पण सोबत थकवा, धाप, मळमळ असलं इतकं काही असतं की लक्ष तिकडेच जातं. पोहोचलात की इथे लिहा.

मनगटपुराण:
मी नुसती बोटं विचारत बसले आणि हे सुचलंच नाही. जा ताई लगेच. शुगर-थायरॉईड मागाहून बघता येईल.

झोपमोड_झालेली:
दोन दिवसांनी लिहितेय, सॉरी. त्याच संध्याकाळी गेले. ईसीजी नॉर्मल आला आणि मी पर्स उचलून निघालेच होते, तर डॉक्टर म्हणाल्या की बसा, आत्ता दुखत नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल असला म्हणून अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं, नाही असं होत नाही. काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन केलं, दोन्ही नॉर्मल, म्हणजे अ‍ॅटॅक नाही. पण सगळी हकीकत ऐकून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन सांगितलाय, परवा आहे. तोवर जिने बंद, रोजच्या गोळ्या, आणि दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक. कोणी हसलं नाही.
रात्रीच्या मुंग्या मात्र कार्पल टनेलच, त्यांनी मनगट एक मिनिटभर दुमडून धरायला लावलं तर लगेच सुरू. एकाच हातात दोन दुखणी, आणि मी दोन्ही एकाच खात्यात टाकली होती.
आईला अजून सांगितलं नाहीये, ती म्हणेल मी म्हटलं होतं ना. स्कॅन झाला की लिहिते. हल्ली उजव्या हातालाही थोडं होतंय, तर दोन्ही हातांना स्प्लिंट घालून झोपता येतं का कोणाला?

मनगटपुराण:
येतं. पहिले चार दिवस पांघरूण ओढून घेता येत नाही, नवऱ्याला उठवायचं.