घरच्या ओट्यावर भरणाऱ्या व्हीबीएसचा इतिहास कसा जुळवायचा?

नगरची_नात

सलाम मंडळी. आमच्या नगरच्या घराच्या ओट्यावर दर मे महिन्यात मुलांची व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुटीतली बायबलची शाळा) भरते. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आत्या ऐकत नाही.) आजोबांनी सुरू केली, मग आत्या आणि बाबांनी चालवली, आता चुलत भावंडं बघतात. मुलं सकाळी आठला येतात आणि साडेअकराला घरी जातात, मुक्काम नसतो. गाणी, गोष्ट, पाठांतराचं वचन, क्राफ्ट आणि मधल्या सुटीत लिंबू सरबत. शेजारपाजारची बिगरख्रिस्ती मुलंही भरपूर असतात आणि अ‍ॅक्शन साँग त्यांनाच जास्त पाठ असतात.

पुढच्या उन्हाळ्यात छोटी स्मरणिका काढायचं ठरलंय आणि पहिल्याच पानावर घोडं अडलंय. शाळा सुरू केव्हा झाली? आत्या म्हणते, दुष्काळात, मुलांना सुकडी वाटायचो. बाबा म्हणतात, छे, त्याआधीच. कापडी फलकावर ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ असं रंगवलेलं त्यांना स्वच्छ आठवतं. तो फलक आता नाही. हजेरीवह्या आहेत, पण सुरुवातीच्या वह्यांची वरची पानं वाळवीने खाल्ली आणि सन त्यांच्याबरोबर गेला. काकाला लेखाची सुरुवात अमेरिकेपासून हवी आहे, ‘तिकडून आलेली कल्पना’ म्हणून. हे कितपत खरं? आणि शोधायचं कुठे?

जुनं_दप्तर

नातबाई, बाबा आणि आत्या दोघांचंही खरं असू शकतं. आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या (म्हणजे गावोगावची चर्चं) 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली, त्यात ते चर्च विलीन झालं. म्हणजे फलक जुन्या नावाचा असेल तर 1970 चा मे किंवा त्याच्या आधीचा कुठला तरी उन्हाळा. सुकडी 1972-73 ची. आत्या तेव्हा लहान असणार. लहान मुलाला शाळेचं उद्घाटन आठवत नाही, हातात पडलेला खाऊ आठवतो. दुष्काळात शाळा चालू होती, एवढंच त्या आठवणीवरून सिद्ध होतं.

नेवासकर

फलकावर फार भिस्त ठेवू नका. आमच्या गावात सीएनआय होऊन कितीतरी वर्षं झाली तरी पाटीवर ‘अमेरिकन मराठी मिशन’च होतं. रंगाऱ्याला पैसे कोण देणार? शिवाय तो फलक व्हीबीएसचाच होता कशावरून? मंडळीच्या मेळाव्याचा मागून आणून ओट्यावर बांधला असेल. आमच्याकडे सतरंज्या, पेट्रोमॅक्स, फलक, सगळं चर्चमधूनच यायचं.

जुनं_दप्तर

नेवासकर, मुद्दा बिनतोड. मग फलक बाजूला ठेवू आणि हजेरीकडे वळू. नातबाई, वहीत मुलांच्या नावापुढे वय किंवा इयत्ता लिहिली आहे का? संडे स्कूलवाले बहुधा लिहायचे, कारण वयाप्रमाणे गट पाडावे लागतात. असेल तर त्यातली ख्रिस्ती घरांतली मुलं निवडा आणि मंडळीच्या बाप्तिस्मा रजिस्टरमध्ये त्यांच्या जन्मतारखा शोधा. वहीत वय आठ आणि रजिस्टरमध्ये जन्म 1961 चा, तर तो उन्हाळा 1969 किंवा 1970 चा. एकाच मुलावर विसंबू नका, आया वय अंदाजाने सांगायच्या. आठ-दहा मुलं घेतलीत की सन आपोआप एका ठिकाणी गोळा होतो. आणि ती मुलं आज साठीच्या आसपास असणार, फोन लावा.

छापील पुराव्यासाठी ‘ज्ञानोदय’ बघा. 1842 मध्ये नगरलाच सुरू झालेलं पत्र आहे आणि मंडळ्यांच्या बारीकसारीक बातम्या त्यात येत आल्या आहेत. जून-जुलैचे अंक आधी चाळा, कारण मे महिन्यातल्या समारोपाची बातमी तेव्हाच छापून येणार. मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, पण त्यात तुमच्या ओट्याचा उल्लेख असेल अशी आशा मी धरणार नाही. मिशनरी आपल्या शाळा आणि दवाखान्यांबद्दल लिहायचे. एखाद्या नगरी कुटुंबाने घरी मुलं जमवली, ही त्यांच्या लेखी बातमीच नव्हती.

आता काकांचं अमेरिका प्रकरण. नाव तिकडचं, यात वाद नाही. इलिनॉयमधल्या होपडेल गावात 1894 मध्ये एका मेथडिस्ट पाळकाच्या बायकोने सुटीत चार आठवडे बायबलची शाळा घेतली. ती स्वतः शिक्षिका होती आणि रविवारचा तासभर तिला पुरत नव्हता. मग 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला श्रीमती हॉझ या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या, परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी रोजची शाळा काढली. जागा कुठली? भाड्याने घेतलेला बियरचा गुत्ता! सकाळी मुलांची गाणी, इतर वेळी पिंपं. (हे स्मरणिकेत छापाल तर पाळकसाहेबांना आधी दाखवा.) 1901 मध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा बऱ्याच शाळा उघडल्या आणि पुढे ‘डेली व्हेकेशन बायबल स्कूल’ या नावाने ते काम जगभर नेलं. म्हणूनच जुन्या कागदांवर कधीकधी ‘डीव्हीबीएस’ सापडतं. तुमच्या वहीवर तसं असेल तर वही जुनी असण्याची शक्यता वाढते.

पण मुलांना गोळा करून गाण्यांतून शिकवणं न्यूयॉर्कहून यायची गरज नव्हती. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाई 1840 च्या आधीपासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी ना. वा. टिळक बरीच वर्षं नगरलाच होते. अभंग आणि भजनं म्हणून मोठ्या झालेल्या मंडळीला सुटीत मुलांना गाणी शिकवा हे कुणी बोटीने येऊन सांगायला नको. काकांना म्हणावं, अमेरिकेला एक परिच्छेद पुरे.

आणि एक विचारू? होपडेलची पाळकाची बायको, न्यूयॉर्कच्या हॉझबाई, दोन्ही बायका. पुढे संस्थापक म्हणून बोव्हिलसाहेबांचं नाव मोठं झालं. तुमच्या घरी ‘आजोबांनी सुरू केली’ असं तुम्ही लिहिलंय. हजेरी कुणाच्या अक्षरात आहे?

वडाळ्याचा_सॅम

दप्तरकाका रंगात आले की थांबत नाहीत 🙂 पण अक्षराचं पटलं. आमच्याकडे ‘पप्पांची संडे स्कूल’ म्हणतात. पप्पा प्रार्थना करून चहाला जायचे, पुढचे तीन तास मम्मी. एक सुचवू? वहीत जमाखर्च असेल तर तोही छापा. बिस्किटांचा भाव, रंगीत कागदाचा भाव. त्यावरूनही काळ कळतो आणि लोक तेच आधी वाचतात.

नगरची_नात

सगळ्यांचे आभार. काल रात्री आत्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन वह्या एकेक करून उलटल्या. वय आहे! मुलांच्या नावापुढे गोल करून. एका वहीच्या पाठीवर ‘डी.व्ही.बी.’ एवढं दिसतं, पुढचं अक्षर वाळवीच्या पोटात.

जुन्या वह्यांमधली सगळी नावं आजीच्या अक्षरात आहेत. तिचा ‘ळ’ आम्ही घरात कुठेही ओळखतो. गोष्ट कुठली घ्यायची, कुणाचं वचन पाठ झालं नाही, कुणाला उन्हात चक्कर आली म्हणून घरी पोचवलं, तेही तिनेच समासात लिहिलंय. आजोबांची सही शेवटच्या दिवसाच्या खर्चाखाली आहे. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “अगं, बाबा मे महिन्यात खेड्यांवर असायचे. ओट्यावर आईच.” माझे बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि ‘हो’ म्हणाले.

सॅमदादा, जमाखर्च आहे. लिंबं, साखर, गोंद, आणि एका उन्हाळ्यात ‘माठ फुटला, नवा आणला’. छापते.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब बाप्तिस्मा रजिस्टर काढून देणार आहेत. नावं मी निवडून ठेवली आहेत, नेवासकर म्हणतात तसा फलक सोडून दिला. काकाला अजून सांगितलेलं नाही, मुखपृष्ठासाठी त्याने आजोबांचा एकट्याचा फोटो मोठा करून आणलाय.

नेवासकर

आजीचा फोटो शोधा. नसेल तर हजेरीचं पान छापा.