नैराश्यावरच्या उपचारांनंतर सहकारी रुजू होतोय, 'हलकं काम' म्हणजे नेमकं किती?

टीमलीड_९: टीममधला एक सहकारी नैराश्याच्या उपचारांसाठी तीन महिने रजेवर होता. दोन आठवड्यांनी रुजू होतोय. फिटनेस सर्टिफिकेटवर 'सुरुवातीला हलकं काम' एवढंच लिहिलंय. ते ठरवायचं कसं? टीमला काय सांगायचं? आणि चौकशी किती करावी, म्हणजे त्याला पाळत ठेवल्यासारखं वाटणार नाही?

एचआर_डेस्क: 'हलकं' हा शब्द आकड्यांत उतरवा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात तो हवेत विरतो. कच्चा आराखडा असा: पहिले दोन आठवडे रोज ४ तास, पुढचे दोन ६ तास, पाचव्यापासून पूर्ण वेळ. हा त्याच्यासमोर ठेवा आणि त्याच्या व डॉक्टरांच्या मताने बदला.

खरी गोम मात्र तासांत नाही, कामात आहे. तास निम्मे होतात, कामं पूर्वीइतकीच राहतात आणि उरलेलं तो रात्री घरी बसून उरकतो. म्हणून कोणतं काम कोणाकडे आणि कुठल्या तारखेपर्यंत गेलं, हे लिहून काढा. तिमाहीचं टार्गेटही त्याच प्रमाणात कमी करा, तेही लेखी. तोंडी कबूल केलेलं अप्रेझलच्या वेळी कोणाला आठवत नाही. कमी तासांचा पगारावर परिणाम होणार असेल, तर ते रुजू होण्याआधीच कळवा.

आदल्या दिवशी त्याचं लॉगिन, ओळखपत्र आणि सिस्टीमचे ॲक्सेस स्वतः तपासा. लांबच्या रजेत पासवर्डची मुदत संपते, खातं बंद पडतं. मग पहिली सकाळ 'मी इतके दिवस कुठे होतो' हे आयटीला समजावण्यात जाते. तीन महिन्यांचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि या काळात काय बदललं याची एक पानाची नोंद द्या. साचलेला इनबॉक्स वाचून काढायची अपेक्षा ठेवू नका.

समुपदेशक_कार्यस्थळ: वरच्या मुद्द्यांशी सहमत. चौकशीबद्दल सांगते. निदान, औषधांची नावं, 'असं का झालं' हे विचारू नका. प्रश्न कामाला धरून असू द्या: 'या आठवड्यात कशाला सगळ्यात जास्त वेळ लागला?', 'कोणती मीटिंग टाळता आली तर बरं होईल?' ठरलेल्या वारी १५ मिनिटं, बंद खोलीत. जागेपाशी उभं राहून 'आता बरं आहे ना?' विचारलं की उत्तर 'हो' असंच येतं, कारण आजूबाजूचे ऐकत असतात.

नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. डोस बदलला की सुस्ती, मळमळ किंवा झोपेची गडबड होऊ शकते. सकाळ जड जात असेल, तर कामाची वेळ तासाभराने पुढे सरकवा. रात्रपाळी सध्या नकोच. एकाग्रता आणि स्मरण मूड सुधारल्यानंतरही काही काळ मागे राहतात. माणूस हसताना दिसतो, पण तीन सूचना एका दमात दिल्या तर एक निसटते. त्यामुळे सूचना लेखी द्या, एका वेळी एक.

टीमला काय सांगायचं ते तोच ठरवेल. फोनवर विचारून नेमकं वाक्य पक्कं करा. 'तो सोमवारपासून येतोय, सुरुवातीला कमी वेळ असेल' एवढंही पुरतं.

ऑपरेशन्स_मॅनेजर: एका बाबतीत थोडं वेगळं मत. काळजीपोटी सगळी महत्त्वाची कामं काढून घेतली जातात आणि हातात उरतं नुसतं फाइलिंग. त्यातून 'माझ्यावर आता भरवसा नाही' हाच संदेश जातो. एक काम छोटं असलं तरी पूर्ण त्याचं असू द्या: सुरुवातीपासून शेवटपर्यंत, निर्णयासकट. फक्त पहिल्या महिन्यात तातडीची डेडलाइन आणि ग्राहकांच्या तक्रारी त्याच्याकडे नकोत. आणि त्याचं काम ज्यांच्याकडे गेलं, त्यांचा भारही मोजून कमी करा. नाहीतर महिन्याभरात कुजबुज सुरू होते आणि ती त्याच्या कानावर जाते.

टीमलीड_९: सगळ्यांचे आभार. पुन्हा खालावायला लागलं तर काय करू?

समुपदेशक_कार्यस्थळ: ते पहिल्या आठवड्यातच त्याच्याशी बोलून ठेवा: खालावण्याची त्याची स्वतःची लक्षणं कोणती, तुम्ही कशा शब्दांत विचारलेलं चालेल, फोन कोणाला करायचा. जेवण टाळणं, मेलला उत्तर न देणं, अचानक उशिरा येणं, प्रत्येकाचं वेगळं असतं. लक्षणं दिसली तर आराखडा एक पायरी मागे घ्या. त्यासाठी पूर्ण रजेची गरज पडेलच असं नाही.

'जगावंसं वाटत नाही' अशा अर्थाचं काही बोलला, तर 'आत्महत्येचा विचार येतोय का?' असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका, ठरलेल्या माणसाला फोन लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. जिवाला धोका दिसला तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते, हेही त्याला पहिल्या बैठकीतच सांगून ठेवा.