अकरावीच्या मुलीने छापखान्यात बिनपगारी डिझाइन शिकावं का?

नौपाड्याची आई
मुलीची अकरावीची परीक्षा संपली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे, बारावीनंतर जे.जे. अप्लाइड या कला महाविद्यालयात जायचं म्हणते. सुट्टीत अनुभव मिळावा म्हणून ठाण्यात गोखले रोडच्या आसपास तीन स्टुडिओंत विचारलं. ‘अठरा पूर्ण होऊ द्या’ हेच उत्तर. शेवटी घराजवळच्या एका छापखान्याने होकार दिला, पण दोन महिने बिनपगारी. पाठवू का?

शाईचे हात
जरूर पाठवा. मी सतराव्या वर्षी जांभळी नाक्याजवळ असाच बसलो होतो. पहिली लग्नपत्रिका केली, स्क्रीनवर केशरी रंग नुसता रसरसलेला. छापून आला तो विटकरी, कारण फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच, दिली होती. कडेला ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी जास्तीचा छापील भाग) सोडलं नव्हतं, म्हणून कटिंगनंतर एका बाजूला पांढरी रेघ उरली. आणि युनिकोडचा मजकूर कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत चिकटवल्यामुळे ‘आशीर्वाद’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. मालकांनी पत्रिका माझ्या हातात दिली, रेघेवरून बोट फिरवलं आणि पुढच्या कामाला लागले. यूट्यूबवर हे सगळं सांगतात हो, पण वाया गेलेला कागद हातात आल्याशिवाय ते अंगात मुरत नाही.

वाशीकर मामा
माझी हरकत ‘बिनपगारी’ला आहे. भाचा नेरूळला असाच जात होता. आठवडाभर शिकवलं, मग रोज वाढदिवसाचे बॅनर: नाव बदल, फोटो कापून लाव. पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामांच्या फाइलमध्ये, ठेवण्याजोगं एकही काम हाती लागलं नाही. शिवाय १४ ते १८ वर्षांच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामावर ठेवता येत नाही आणि दिवसाचे ६ तास ही मर्यादा आहे, विश्रांती धरून. घाईचं काम आलं की छापखान्यात घड्याळ कोण बघतं? आयआयटी मुंबईच्या युसीड या डिझाइन प्रवेश परीक्षेतही कोरल येतं का असं विचारत नाहीत, निरीक्षण आणि चित्र बघतात. सुट्टीत तिला स्टेशनवर वही घेऊन बसू द्या.

शाईचे हात
वेळेचं शंभर टक्के मान्य. पण भाच्याला छापून येणारा कागद तरी बघायला मिळाला का? दिवसभर बॅनरच करायचे तर ते शिकणं नाहीच.

कोपरीची ताई
मधला रस्ता सुचवते. ओळखीच्या पोळीभाजी केंद्राचं दरपत्रक करून द्या, थोडे का होईना पैसे घ्या. ‘भाव मोठ्या अक्षरात हवेत’ असं गिऱ्हाईक तीनदा म्हणतं तेव्हा डिझाइन कळायला लागतं.

नौपाड्याची आई
आज मालकांना भेटून आले. ११ ते ४, फक्त कॉम्प्युटरवर, आठवड्याला एक काम तिचं स्वतःचं आणि ते छापतानाही ती समोर हजर. बसभाडं देणार आहेत. सोमवारपासून जाते.

वाशीकर मामा
बसभाडं म्हणजे मोबदला नव्हे, यावर मी ठाम आहे. महिन्याभराने तिच्या फाइलमध्ये स्वतःची किती कामं जमली, ते इथे जरूर लिहा.