वयोवृद्ध मैत्रिणीच्या आठवणी ऐकताना

प्रश्न
माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका मैत्रिणीकडे मी गेली दोन वर्षे दर आठवड्याला जाते. त्या आपल्या आयुष्याविषयी भरभरून बोलतात. वडील गेल्यावर शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली, हा प्रसंग मी निदान वीस वेळा ऐकला असेल. लग्नानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांविषयी मात्र त्यांनी आजवर अवाक्षरही काढलेले नाही. तोच प्रसंग पुन्हा सुरू झाला की "हे आपण सांगितले आहे" असे म्हणावे का? त्या गाळलेल्या वर्षांविषयी विचारावे का? शिवाय त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे असे मला फार वाटते.

प्रतिसाद १
वृद्धांनी आठवणींत रमणे हे पूर्वी बुद्धी उतरणीला लागल्याचे लक्षण समजले जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली या समजाला विरोध केला आणि मृत्यू जवळ आल्याची जाणीव झालेले मन आपल्या आयुष्याचा पुन्हा आढावा घेते, न सुटलेले प्रश्न वर काढते, ही स्वाभाविक प्रक्रिया आहे असे मांडले. उतारवयात साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक संख्येने येतात, हेही संशोधनात वारंवार दिसले आहे. तेव्हा तो प्रसंग पुन्हा आला तर येऊ द्यावा, आणि या वेळी त्यात कोणता तपशील नवा आला किंवा कोणता गळला, याकडे कान ठेवावा. मात्र एकाच बैठकीत तीच गोष्ट काही मिनिटांच्या अंतराने सांगितली जाऊ लागली आणि रोजच्या व्यवहारातही विसर पडू लागला, तर घरच्यांच्या कानावर घालून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रतिसाद २
एक व्यावहारिक बाब सांगतो. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द अर्धवट पोहोचतात. अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही. समोर, आपल्या चेहऱ्यावर उजेड येईल असे बसून सावकाश बोलावे. ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय मुळीच करू नये. हे पुढे कोण ऐकणार हे आधी सांगावे, आणि नको वाटेल तेव्हा यंत्र बंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा. आणखी एक, सनावळ्या दुरुस्त करू नयेत. मी एका वृद्ध मित्राचे एक साल चुकले म्हणून मध्येच टोकले, तेव्हा ते "असेल" एवढेच म्हणाले आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. ते साल बरोबर करून मी काय मिळवले, हे मला आजही सांगता येत नाही.

प्रतिसाद ३
मी स्वतः ७६ वर्षांचा आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. एखादी गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो तेव्हा ती आधी सांगितल्याचे बहुतेक वेळा मला आठवत असते. त्यातले जे सांगायचे असते ते अजून नीट सांगून झालेले नसते, म्हणून मी परत तिथे येतो. गाळलेल्या वर्षांविषयी थेट विचारू नका. ती वर्षे त्यांची आहेत, आणि न सांगण्याचा हक्कही त्यांचाच. आपण मात्र स्वतःच्या आयुष्यातले एखादे अवघड दिवस त्यांना सांगितले आहेत का? माझ्याकडे येणारे तरुण स्नेही केवळ ऐकतात, त्यांचे काही सांगत नाहीत, आणि मग मैत्रीऐवजी मुलाखत चालू आहे असे मला वाटू लागते.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. शेवटचा प्रतिसाद वाचून गेल्या भेटीत मी माझ्या मोडलेल्या लग्नाविषयी त्यांच्याशी प्रथमच बोलले तेव्हाचे सांगते: त्यांनी एकही सल्ला दिला नाही, बराच वेळ माझा हात हातात धरून ठेवला आणि निघताना "पुढच्या वेळी जरा लवकर ये" असे म्हणाल्या. ध्वनिमुद्रणाचा विषय मी अजून काढलेला नाही.